आदरार्थी बोका

चौघांची ओळख झाली ती एका पोपटामुळे. एका लांबलचक मालिकेत नायिकेच्या घरात, जिन्याखाली, पिंजऱ्यात एक पोपट असायचा. कधी असायचा, कधी नसायचा. नायिका रडत जिना चढायला लागली की पोपट आहे, अर्ध्या जिन्यावर पोपट गायब, वर पोचली की पुन्हा हजर. इंटरनेटवर मालिकेच्या पानावर हजारो माणसं नायिकेने नवऱ्याला माफ करावं की नाही यावरून एकमेकांच्या उरावर बसलेली, आणि त्या गदारोळात चार जणांनी, एकमेकांना न ओळखता, एकच प्रश्न विचारला होता: पोपट कुठाय?

असे चार शहाणे जगात सापडले की त्यांनी एकत्र यायला हवं. ते आले. त्यांच्या फोनवरच्या गटाचं नावही ‘पोपट कुठाय’ असंच पडलं, आणि गटावर प्रत्येकजण टोपणनावानेच वावरायचा.

गटाची सूत्रं मनीमावशीकडे होती. या बाई ग्रंथालयात काम करायच्या आणि घरात इतकी मांजरं पाळायच्या, की नक्की किती ते त्यांनी कधी सांगितलं नाही. नियम त्यांनीच घातला होता. इथे बोलायचं ते हवा, जनावरं आणि टीव्ही. घरची रडगाणी घरी. आजारपणं, भांडणं, कोण काय म्हणालं आणि त्यावर आपण काय सुनावलं, सगळं दाराबाहेर. मनीमावशीचा आधीचा एक गट अशाच रडगाण्यांत बुडाला होता म्हणे, आणि दुसऱ्यांदा बुडायची त्यांची तयारी नव्हती.

बाकी तिघांत एक कप्तान. हे बोटीवरचे नव्हेत, बसचे. आयुष्यभर बस चालवून आता घरी बसलेले. त्यांच्या कुत्र्याचं नाव पंक्चर, कारण तो भर रस्त्यात, कुठलीही पूर्वसूचना न देता, बसकण मारायचा. दुसरी छत्री. ही पोरगी बांधकामावरची उंच क्रेन चालवायची. वरच्या केबिनमधून तिला पाऊस सगळ्या गावाच्या आधी दिसायचा, त्यामुळे हवेचं खातं तिच्याकडे. चौथी होती दंतकथा.

दंतकथा कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर तिच्याकडे साचे पाठवायचे आणि ती घराच्या पुढच्या खोलीत, प्लास्टर आणि गुलाबी मेणाच्या पसाऱ्यात बसून, लोकांना तोंड द्यायची. हा विनोद तिचा स्वतःचा, आणि ती तो दर पंधरवड्याला करायची. नवरा मात्र खरोखर बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी आणि त्यातला एक झोपेत. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिचे सासरे, दोघंच. सासूबाई होत्या तोवर हे कधी जाणवलं नव्हतं, कारण सासूबाई एकट्याच चार माणसांइतकं बोलायच्या.

सासूबाई गेल्या आणि घर मुकं झालं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा टीव्ही मेकॅनिक. जन्मभर लोकांच्या टीव्हींची पाठ उघडून आत डोकं घातलं, पण मालिका म्हणून एक पाहिली नाही. “मी टीव्ही आतून बघितलाय, बाहेरून बघण्यासारखं त्यात काही नसतं,” असं म्हणायचे. संध्याकाळी गॅलरीतल्या शेवटच्या उन्हात खुर्ची टाकून डोळे अर्धे मिटून बसायचे, आणि कुणी हाक मारली तर घशातल्या घशात गुरगुरायचे. सासूबाई त्यांना बोका म्हणायच्या. चारचौघांत नाही, स्वयंपाकघरात, सुनेशी बोलताना. “बघ, पसरलाय माझा बोका.” त्या एका शब्दात संसार होता दोघांचा.

आता तो बोका आपल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जेवणाचं ताट जसं आत जायचं तसं बाहेर यायचं. दंतकथेने काय काय केलं नाही? समोर बसून दोन घास तरी घ्या म्हणाली. आवडीचं करून घातलं. रागावली. एकदा रडलीसुद्धा. डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली, पोट तपासलं, आणि शरीराला काही झालेलं नाही असं सांगून गेले. दातांचा प्रश्न म्हणाल तर कवळी तिनेच बनवलेली होती आणि ती अशी चपखल बसली होती की त्यात काही खोट काढणाऱ्याशी ती भांडली असती. अण्णांना फक्त कशात काही राम वाटत नव्हता.

नणंद मधून मधून येऊन जायची. दुसऱ्या गावी मोठ्या इस्पितळात परिचारिका होती, आणि वाईट मुळीच नव्हती, थकलेली होती. मागच्या खेपेला तिने वडिलांचं मनगट हातात घेतलं, नाडी मोजल्यासारखं केलं, आणि ते मनगट किती बारीक झालंय हे बघून तिचा चेहरा उतरला.

“हे असं नाही चालायचं,” स्वयंपाकघरात येऊन ती म्हणाली. “आमच्या इस्पितळाला लागून म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची जागा आहे. दिवसरात्र माणसं असतात. महिनाअखेर गाडी घेऊन येते. तोवर काही फरक पडला तर ठीक, नाहीतर मी त्यांना घेऊन जाते.”

“ताई, त्यांना हे घर सोडवेल का?”

“अगं, ते कुठे आहेत या घरात? ते त्या भिंतीत आहेत.”

दंतकथा भांडी विसळायला वळली. पण अण्णा गेले तर आपण या घरात कुणासाठी दिवा लावायचा, हा प्रश्न तिला सोडेना. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला सायकल येत नव्हती, आणि साचे पोचवायला सायकल हवी म्हणून अण्णांनी भर दुपारी, सगळी गल्ली हसत असताना, मागून कॅरिअर धरून तिला शिकवली होती. वडील लवकर गेलेल्या मुलीला ती गोष्ट विसरता येत नाही.

घोटाळा झाला तो त्याच आठवड्यात. सकाळची वेळ, गटावर गप्पा रंगलेल्या. छत्रीने सांगितलं होतं की तिच्याकडे धुकं इतकं आहे की क्रेनचा आकडा दिसत नाही, फक्त खालून शिव्या ऐकू येतात. कप्तानांनी पंक्चरने भाजीवाल्याच्या टोपलीत बसकण मारल्याचं सांगितलं. आणि दंतकथा, एका हातात तसंच परत आलेलं ताट धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहून गेली:

“आज पण बोका जेवले नाहीत.”

लिहिलं आणि जीभ चावली. नियम तर मोडलाच, वर सासऱ्यांना परक्यांपुढे बोका म्हटलं. पुसायला गेली, तोवर मनीमावशी हजर.

“कधीपासून? वय काय?”

मनीमावशीला मांजर वाटलं होतं. दंतकथेच्या जिवात जीव आला. खरं सांगायचं तर तिला थोडं हसूही आलं, कितीतरी दिवसांनी. मग तिने विचार केला, जनावरांबद्दल बोलायला तर परवानगी आहे. एवढं सगळं करून माणसांच्या डॉक्टरांनी काही सांगितलं नाही, निदान या बाई काही सांगतील.

“वय झालंय,” तिने लिहिलं. “जोडीदारीण गेली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसतात.” आणि घाईघाईने खाली जोडलं, “बसतो.”

ही अडचण पुढेही सुटली नाही. सासऱ्यांबद्दल एकेरीत लिहायला तिची बोटं तयार होईनात. ‘बोका उठला’ असं लिहिलं की आपण कुणालातरी पायाने ढकललंय असं तिला वाटायचं. मग कधी ‘उठला’, कधी ‘उठले’, कधी ‘त्यांनी दूध घेतलं’ अशी खिचडी व्हायची. गटावर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. प्लास्टरच्या बोटांनी लिहिते, चुका होणारच, असं समजत असतील असं तिने गृहीत धरलं.

मनीमावशीचा पहिला सल्ला असा होता: “ताट ठेव आणि निघून ये. समोर बसायचं नाही, जेव म्हणायचं नाही, किती खाल्लं ते बघायला डोकवायचं तर अजिबात नाही. कुणी टक लावून बघत असलं की घास उतरत नाही.”

दंतकथेने तसं केलं. जिवावर आलं, पण केलं. ताट ठेवून ती पुढच्या खोलीत जाऊन कवळीचा एक जबडा घासत बसली. तासाभराने ताट आणायला गेली तर एक कोपरा रिकामा. जास्त नाही, चिमणीने खावं इतका. तिने गटावर लिहिलं, “बोक्याने चार घास खाल्ले,” आणि कप्तानांनी टाळ्यांची इतकी चित्रं पाठवली की फोन गरम झाला.

दुसरा सल्ला: “आता त्याच्या खोलीत जाऊन बस. पण पाठ करून. तुझं काम तू करत राहा. बोलू नकोस.”

झालं. दंतकथेने मेणाचा डबा, दिवा आणि दातांच्या पट्ट्या उचलून अण्णांच्या खोलीत खिडकीशी मांडल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून काम सुरू केलं. मेणात एक एक दात बसवायचा, लांबून बघायचं, पुन्हा तापवायचं. मागे पलंग कुरकुरायचा तेवढाच. असे काही दिवस गेले. एके दिवशी ती समोरचे दात लावत असताना अगदी मागून आवाज आला.

“तो वाकडा बसलाय.”

ती दचकली. अण्णा उठून तिच्या खांद्यामागे उभे होते. दात खरंच वाकडा बसला होता. मनीमावशीने सांगितलं होतं, बोलायचं नाही. तिने मान न वळवता तो दात काढला आणि सरळ बसवला. अण्णा पुन्हा जाऊन पडले. पण या वेळी तोंड भिंतीकडे नव्हतं.

तिसऱ्या सल्ल्याने मात्र फजिती केली. “नजरानजर झालीच तर सावकाश डोळे मीट, सावकाश उघड. म्हणजे आपल्याकडून काही धोका नाही हे कळतं.” दुपारी चहा देताना नजरानजर झाली. दंतकथेने सावकाश डोळे मिटले. सावकाश उघडले. पुन्हा मिटले.

“प्लास्टर गेलं का डोळ्यांत?” अण्णांनी विचारलं.

“हो, थोडंसं,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात पळाली. तिथे ओट्याला टेकून ती इतकी हसली की शेजारीण खिडकीतून विचारती झाली, काय झालं म्हणून.

पण गाडी तिथेच अडली. अण्णा थोडं खायला लागले, एखादा शब्द बोलायला लागले, आणि त्यापुढे काही नाही. खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाऊल म्हणून टाकीनात. महिनाअखेर जवळ आली होती. नणंदेचा फोन आला, की तिथली एक खोली रिकामी झालीय आणि ती तिने अडवून ठेवलीय. दंतकथेने गटावर लिहिलं, “बोका बाहेरच येत नाहीत. महिनाअखेर एक पाहुणी त्यांना न्यायला येणार आहे. काय करू? आता हात टेकले मी.”

मनीमावशीचं उत्तर यायला त्या दिवशी वेळ लागला. आलं ते असं: “खोका ठेव.”

“कसला खोका?”

“कसलाही. त्याच्या खोलीत नाही, बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेत. उघडा ठेव. हे तुझ्यासाठी आहे, असं चुकूनही म्हणू नकोस. तुला जड झाला म्हणून तिथे टेकवलाय, असं दाखव. आत काय आहे हे बघितल्याशिवाय ज्याला राहवत नाही, असं काहीतरी हवं.”

खोका. दंतकथा तो शब्द मनात घोळवत साचे पोचवायला निघाली. दातांच्या दवाखान्यात पोचली तर तिथे बसायच्या खोलीत भिंतीवर नवा पातळ टीव्ही लावण्याचं काम चाललेलं, आणि जुना, ढेरपोट्या, धुळीने माखलेला टीव्ही दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवलेला.

“या खोक्याचं काय करणार?” तिने विचारलं, आणि आपणच काय बोललो ते ऐकून जागच्या जागी थांबली.

“बंद पडलाय. भंगारवाला नेईल,” डॉक्टर म्हणाले.

भंगारवाल्याच्या आधी तो दंतकथेने नेला. सायकलच्या कॅरिअरवर दोरीने बांधून, एका हाताने तोल सांभाळत, रस्ताभर लोकांच्या शिव्या खात. घरी आल्यावर तो मधल्या बोळात, अण्णांच्या दारापासून चार पावलांवर जमिनीवर टेकवला, मागची बाजू दाराकडे करून. आणि “बाई गं, कंबर गेली माझी,” असं मोठ्याने म्हणून, कुणाकडेही न बघता कामाला बसली.

सगळी सकाळ काही झालं नाही. दुपारी ती मेण वितळवत होती तेव्हा बोळातून आवाज आला. कर्र. मग पुन्हा कर्र. स्क्रू फिरवल्याचा आवाज ज्याने त्या घरात ऐकलाय त्याला तो चुकणार नाही. तिने पाय न वाजवता दारातून डोकावलं. अण्णा बोळात जमिनीवर मांडी घालून बसले होते, टीव्हीचं मागचं झाकण बाजूला काढलेलं, आणि आतल्या धुळीकडे बघून ते स्वतःशी पुटपुटत होते, “काय हाल केलेत रे तुझे.”

दंतकथा मागे वळली, खुर्चीत बसली आणि तोंडावर हात दाबून रडली. मग तिने गटावर लिहिलं: “खोक्यात शिरले.”

त्यानंतरचे दिवस बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. जुनं हत्यारांचं खोकं माळ्यावरून खाली आलं. अण्णा सकाळी उठून आंघोळ करून बोळात येऊन बसायचे. जेवायचे तेही तिथेच, एका हाताने, लक्ष आतल्या तारांत. टीव्ही काही चालू होत नव्हता, पण त्याची कुणाला घाई होती? दंतकथेने काम पुन्हा पुढच्या खोलीत आणलं, दार उघडं ठेवून, म्हणजे दोघं एकमेकांना दिसत राहतील.

आणि मग तो दिवस उजाडला, नणंद येणार होती तो. दुपारपर्यंत पोचते, असा तिचा निरोप होता. दंतकथेने सकाळीच प्लास्टर कालवायला घेतलं. हात मनगटापर्यंत पांढरे. प्लास्टर एकदा कालवलं की थांबत नाही, ओतावंच लागतं. नेमका तेव्हा फोन वाजला. फोन होता बोळात, टीव्हीच्या डोक्यावर.

“तुझा फोन कुरकुरतोय,” अण्णा म्हणाले. “बघू का?”

“बघा ना, ताईंचा असेल,” ती साच्यातून मान वर न काढता म्हणाली.

अण्णांनी चष्मा लावला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. “दंतकथा, बोका कसा आहे आज? आज त्याची ती पाहुणी यायची ना, त्याला नेणारी?” ते थांबले. “बोका?”

दंतकथेच्या हातातला वाडगा तसाच राहिला. त्या घरात तो शब्द उच्चारणारं माणूस गेल्यावर तो पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला गेला होता. तिला वाटलं, काहीतरी बोलावं, शेजारच्यांचं मांजर म्हणावं, पण अण्णांशी खोटं बोलवेना. अण्णांचा अंगठा पडद्यावर फिरत होता. ते वर वर जात होते, मागच्या मागच्या दिवसांत. ताट ठेव आणि निघून ये. पाठ करून बस. डोळे मीट. खोका ठेव. त्यांनी एकदा समोरच्या उघड्या टीव्हीकडे पाहिलं. मग उठले, फोन हातात घेऊन आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

वाडग्यातलं प्लास्टर दगड झालं.

दंतकथेने हात धुतले आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. ठोठावायचं धाडस होईना. आपण एका मानी माणसाला परक्यांपुढे मांजर करून ठेवलं, त्याच्या दुःखावर उपाय म्हणून मांजराचे उपाय केले, आणि त्याला ते आज कळलं, आजच्याच दिवशी. आता ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, ताई येतील, आणि त्यांना घेऊन जातील. आणि माझ्यामुळे जातील. तिला स्वतःचा इतका राग आला की दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घ्यावं असं वाटलं.

दारापलीकडून फोन कुरकुरला. थांबला. पुन्हा कुरकुरला. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ तीनदा. ती कान लावून उभी राहिली, पण कुरकुरीशिवाय काही कळेना. अण्णा एका बोटाने टाइप करायचे. एक ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं.

दार उघडलं तेव्हा ती इतकी जवळ होती की जवळजवळ आत पडली. अण्णांनी धुतलेला शर्ट घातला होता. डोळे लाल होते. त्यांनी फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “जेवायला वाढ. भूक लागलीय.” आणि स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसले, आपल्या जुन्या जागेवर.

तिने उभ्याउभ्याच वाचलं. अण्णांनी लिहिलं होतं:

“मी बोका बोलतोय मांजर नाही सासरा आहे टीव्ही मेकॅनिक तुम्ही सगळे कोण”

कप्तानांचं उत्तर: “नमस्कार. मी बस ड्रायव्हर, आता घरी बसून असतो. तुम्ही मांजर नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“कसं”

छत्री: “काका, मांजराला ‘जेवले नाहीत’ कोण म्हणतं? तुमची सून म्हणते. ‘उठले नाहीत’, ‘त्यांनी दूध घेतलं’. इतक्या मानाचा बोका जगात दुसरा नसेल. पण इथे घरचं बोलायचं नाही असा नियम आहे. तिने मोडला असता तर तिलाच अपराधी वाटलं असतं. म्हणून आम्ही मांजर धरून चाललो.”

अण्णांनी पुढे विचारलं होतं: “खोका ठेव म्हणणाऱ्या बाई कोण मांजरं खरंच अशी करतात का”

यावर मनीमावशीने लिहिलं होतं: “नाही करत. माझी मांजरं कुणाच्याही मांडीवर बसतात आणि मिळेल ते खातात. हे गेले तेव्हा मी अशीच पडून होते. लोक यायचे, समोर बसायचे, डोळ्यांत बघायचे, जेव जेव म्हणायचे. ती सगळी चांगलीच माणसं होती. पण मला वाटायचं, कुणीतरी नुसतं पाठ करून माझ्या खोलीत बसावं. कुणाला ते सुचलं नाही, आणि मला सांगता आलं नाही. दंतकथेला सांगितलं ते मांजरांचं नव्हतं.”

त्याखाली अण्णांचा एक मेसेज होता. वेळ बघितली तर तो लिहायला त्यांनी बराच विचार केला असावा.

“तुमच्या घरात काही बंद पडलंय का”

“ह्यांचा रेडिओ. ते गेल्यानंतर एकदा लावला तो नुसता खरखरला. टाकवत नाही.”

“पाठवून द्या नीट गुंडाळून पत्ता सून देईल”

दंतकथेने पदराने डोळे पुसले आणि गॅसवर भांडं ठेवलं. अण्णांचं अर्धं जेवण झालं तेव्हा बाहेर गाडी थांबली.

नणंद आत आली ती हातात रिकामी बॅग घेऊन. बोळातल्या पसाऱ्यातून, स्क्रूंच्या वाट्या आणि तारांची भेंडोळी ओलांडत ती स्वयंपाकघराच्या दारात पोचली आणि थांबली. अण्णा टेबलाशी बसून जेवत होते. नुसते चिवडत नव्हते, जेवत होते. तिने बॅग भिंतीशी टेकवली. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि त्यांच्याकडे एकटक बघायला लागली. दंतकथेने तिचा खांदा हळूच दाबला.

“ताई, जरा तिकडे बघा. बघत राहिलं की त्यांना घास उतरत नाही.”

नणंद गोंधळली, पण खिडकीकडे वळून बसली. खिडकीतून बाहेर बघतच तिने विचारलं, “अण्णा, ती खोली अडवून ठेवलीय मी. छान आहे, दिवसभर ऊन असतं. येताय ना? दोन कपडे भरले की निघू.”

अण्णा घास गिळून पाणी प्यायले.

“मला नाही जमायचं,” ते म्हणाले. “एका बाईंचा रेडिओ यायचाय.”

“कुठल्या बाई?”

अण्णांनी सुनेकडे पाहिलं. सुनेला काय सांगावं ते कळेना. नाव तिला माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, चेहरा कधी पाहिलेला नव्हता.

“आपल्यातल्याच आहेत,” अण्णा म्हणाले, आणि ताट पुढे सरकवून अजून वाढायला सांगितलं.